कौल गोळा करणारी

कामावर तिला सगळे ‘इस्त्री’ म्हणत, कारण तिच्या आवाजाला सुरकुती नव्हती. फोनच्या पलीकडचा माणूस शिव्या घालो, रडो, की मधेच घोरायला लागो, ही आपली त्याच संथ स्वरात पुढचा प्रश्न वाचणार: ‘आपण पूर्णपणे सहमत आहात, काहीसे सहमत आहात, की असहमत आहात?’ टूथपेस्टच्या चवीपासून फाशीच्या शिक्षेपर्यंत जगातले सगळे विषय तिचे याच एका चालीवर विचारून झाले होते.

मतचाचण्या घेणाऱ्या त्या संस्थेत ती लागली, तेव्हा मुलाखतीत तिला खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावरची सूचना मोठ्याने वाचायला लावली होती. तिने ती अशी काही वाचली की औषध कडू आहे की गोड, याचा ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. ‘हेच हवंय,’ तिथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आणि नोकरी पक्की झाली. तेव्हापासून एका लांबट दालनात, गुडघ्याएवढी जागा असलेल्या खोक्यात, कानाला स्पंज फाटलेला हेडफोन लावून ती बसत आली होती. नियम एकच. पडद्यावर जे लिहिलंय ते वाचायचं, काना-मात्रा इकडची तिकडे करायची नाही. समोरच्याने उलट विचारलंच की बाई, तुमचं काय मत, तर म्हणायचं, ‘आपलं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.’ ही सवय इतकी हाडात मुरली होती की घरी नवऱ्याने ‘आज काय जेवायचं’ विचारलं तरी ती म्हणायची, ‘तुम्हाला काय वाटतं?’ नवरा हसायचा. सासू मात्र कपाळाला हात लावायची. ‘अगं, तुला स्वतःची भूक तरी लागते का?’

सासूचं तसं नव्हतं. सासूला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते तिने कधी कुणापासून लपवून ठेवलं नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची. शिलाई मशीन मागच्या खोलीत, खिडकीला अगदी लागून, कारण नजर उतरली होती आणि दिवसाच्या उजेडाशिवाय तिला सुईचं नाक दिसत नसे. गल्लीतलं हे शेवटचं घर. खिडकीबाहेर मोकळं मैदान, आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गॅसची टाकी.

ही टाकी आली तेव्हा तिची सगळ्यात मोठी कैवारी कोण होती? हीच बाई! सरकारने जैवऊर्जेचं धोरण जाहीर केलं, घराघरातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस काढायचा, त्यावर शहराच्या बस चालवायच्या असं ठरलं, तेव्हा हिच्या अंगात वारं शिरलं. दारोदार जाऊन ओला वेगळा, सुका वेगळा हे तिने गल्लीला शिकवलं. कुणाच्या बादलीत प्लॅस्टिकची पिशवी दिसली की त्याची धडगत नसे. ‘आपल्या भाजीच्या देठांवर बस चालणार,’ ती सांगायची, ‘आणि ती बस चालवणार कोण, तर माझा मुलगा.’ हे खरंच होतं. सुनेचा नवरा बसचालक होता, आणि त्याची बस याच गॅसवर चालायला लागली. महिनाभर ती घरात त्याच्यापेक्षा जास्त मिरवली.

मग वास सुरू झाला. टाकीचा नव्हे. टाकी बिचारी चहूबाजूंनी बंद होती. गॅस निघून गेल्यावर जो गाळ उरतो, त्यासाठी शेजारी खड्डा खणला होता आणि त्याला झाकण घालायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे काय, तर झाकण मंजूर होतं. विचारायला जावं तेव्हा ते मंजूरच असे. असं मंजूर झाकण वर्षानुवर्षं कागदावर पडून होतं आणि खड्डा उघडा होता. त्यात भर म्हणून कचऱ्याच्या गाड्या मागचा मोठा रस्ता सोडून गल्लीतूनच यायच्या, चारपाच मिनिटं वाचतात म्हणून, आणि येताना सांडत यायच्या. सासूने आधी खिडकीला पडदा लावला, मग जाड पडदा, शेवटी खिडकीच बंद केली आणि ट्यूबच्या उजेडात शिवायला लागली. टाके वाकडे पडू लागले. एकदा शाळेकडून शर्टांचं गाठोडं परत आलं. शिवण ठीक आहे, पण कपड्याला वास येतो, असा निरोप. उभ्या आयुष्यात त्या बाईचं शिवलेलं कापड परत आलं नव्हतं. ती गाठोड्यापाशी बराच वेळ बसून राहिली आणि मग तिने एकेक शर्ट पुन्हा धुतला. सून एकेक शर्ट पिळून देत राहिली.

आणि अशात पालिकेने जाहीर केलं की नव्या धोरणाखाली आणखी एक टाकी बांधायची. कुठे? याच मैदानात, पण अलीकडच्या अंगाला. म्हणजे गाळाचा दुसरा खड्डा थेट सासूच्या खिडकीखाली. लोकांच्या हरकती ऐकायला सभा ठेवली होती. गल्ली तयारीत होती. पण सभेच्या आधीच पालिकेचा माणूस येऊन सांगून गेला की सभा रद्द. सभेत चार आरडाओरडा करणारे येतात, त्याला काय जनमत म्हणायचं? आता शास्त्रशुद्ध पद्धतीने, फोन करून, लोकांचा कौल घेतला जाईल.

गल्ली भडकली. सासू भडकली नाही. ‘फोन तर फोन,’ ती म्हणाली, ‘विचारतायत ना? मग सांगते मी.’ दुसऱ्या दिवसापासून मशीन चालवता चालवता तिची उजळणी सुरू झाली. ‘हे बघा, गॅसला माझी ना नाही. कचरा जाळण्यापेक्षा, पुरण्यापेक्षा हे सोन्यासारखं काम आहे. पण आधीच्या खड्ड्याला झाकण घाला. गाड्या मोठ्या रस्त्याने आणा. आणि नवी टाकी पलीकडेच, जुनीच्या शेजारी बांधा, तिथे जागा पडलीय. एवढं करा, मी स्वतः येऊन नारळ फोडीन... नको, ते राहू दे. एवढं करा, मी टाळ्या वाजवीन.’ मोबाईल सतत मशीनच्या फळीवर. न्हाणीघरात जाताना सुद्धा दाराशी ठेवून जायची. सून चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि ऐकायची. सासूचं मत तिला पाठ झालं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या कामावर नवी चाचणी आली. पडद्यावर पहिला प्रश्न उमटला: ‘कचऱ्यापासून स्वच्छ ऊर्जा निर्माण करण्याच्या सरकारच्या धोरणाला आपला पाठिंबा आहे का?’ दुसरा प्रश्न: ‘असे प्रकल्प शहरात आणखी वाढावेत, असं आपल्याला वाटतं का?’ संपलं. खड्डा नाही, झाकण नाही, गाड्या नाहीत, मैदानाचं नाव नाही. तिने पडदा पुढे सरकवला, मागे सरकवला. आणखी काही नव्हतं.

आता सांगा, स्वच्छ ऊर्जा नको असं कोण म्हणेल? कुठला करंटा ‘मला घाणच आवडते’ असं सांगायला बसलाय? सहज ‘हो’ निघावा असाच तो प्रश्न घासूनपुसून बनवला होता आणि तो तिच्याच तोंडी दिला होता.

ती मॅडमकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाबद्दल गेली. ‘मॅडम, टाकी कुठे होणार, हे लोकांना सांगायला नको का?’

मॅडमनी चष्मा वर केला. ‘आपण प्रश्न बनवत नाही गं. विचारतो. आज काय झालंय तुला?’

काही नाही, म्हणत ती जागेवर आली आणि विचारू लागली. लोकही काय एकेक भेटले! एक गृहस्थ म्हणाले, ‘गॅस बनवा, नाहीतर गूळ बनवा, माझ्या नळाला पाणी कधी येणार ते बोला.’ एक बाई म्हणाल्या, ‘कचऱ्यापासून करत असाल तर करा. पण उद्या धान्यापासून इंधन काढायला लागाल, लोकांच्या ताटातलं गाडीच्या टाकीत ओताल, त्याला माझा विरोध आहे, लिहून घ्या.’ तिने लिहून घेतलं, म्हणजे ‘काहीसे सहमत’वर बोट ठेवलं, कारण तेवढीच सोय होती. आणि एक माणूस, आवाजावरून मध्यमवयीन, जरा थांबून म्हणाला, ‘मी आठव्या मजल्यावर राहतो हो. मला वास कशाला येईल? ज्याच्या दारात होणार त्याला विचारा ना.’ तिने विचारलं, ‘म्हणजे आपण पूर्णपणे सहमत आहात, काहीसे सहमत आहात, की असहमत आहात?’ तो वैतागून म्हणाला, ‘लिहा सहमत.’ त्याच्या तोंडून निघालेलं एकुलतं एक शहाणपणाचं वाक्य हवेत गेलं आणि ‘सहमत’ तेवढं आत गेलं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र तसाच, घडी न मोडलेला. असे ‘हो’ तिने त्या आठवड्यात ढिगाने गोळा केले. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

घरी ती काही बोलली नाही. बाहेर वाच्यता करणार नाही असं कामाला लागतानाच कबूल केलेलं होतं, आणि खरं म्हणजे तिला लाज वाटत होती.

कामावर नंबर मशीनच लावायचं. कुणाचा लागला ते दिसत नसे, पडद्यावर नुसत्या फुल्या. चाचणीच्या शेवटच्या दुपारी घंटी पुरती एकदाही वाजली नाही, तोच फोन उचलला गेला. ‘हॅलो! हॅलो! हां, बोला!’ मागे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज.

सासूचाच नंबर लागला होता. ओळखीचा माणूस लागला तर हात वर करून फोन दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम होता. तिने हात वर केला नाही. कानात खुट्ट असा बारीक आवाज आला, म्हणजे मॅडम ऐकायला जोडल्या गेल्या होत्या. ती वाचू लागली. ‘नमस्कार. आम्ही एका महत्त्वाच्या विषयावर नागरिकांची मतं जाणून घेत आहोत. आपली काही मिनिटं मिळतील का?’

सासूने ओळखलं नाही. कसं ओळखणार? या घरात सुनेने तिला कधी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. ‘मिळतील की! मी तर वाटच बघत होते तुमची. थांबा, जरा नीट बसते.’ खुर्ची सरकल्याचा आवाज. घसा खाकरल्याचा आवाज. ‘हां. विचारा.’

पण मुख्य प्रश्नाच्या आधी प्रत्येक चाचणीत एक चाळणी असते. ‘आपल्या घरातील कोणी वृत्तपत्र, जाहिरात किंवा मतचाचणीच्या क्षेत्रात काम करतं का?’ करत असेल तर त्या घराचं मत घ्यायचं नाही. अशा लोकांची मतं म्हणे आधीच तयार असतात. म्हणजे प्रश्नातली मेख ज्यांना कळेल, ते आधी बाहेर! तिने हा प्रश्न आजवर हजारांना विचारला असेल. तो तिने वाचला, आणि मनातल्या मनात हात जोडले. नाही म्हणा. आई, एवढ्या वेळी नाही म्हणा.

‘आहे ना!’ सासूच्या आवाजाला एकदम तजेला आला. ‘आमची सून! तुमच्यासारखंच फोनवरचं काम. फार हुशार आहे हो. घरात बोलत नाही फारशी, पण कामाला वाघ आहे. ओळखत असाल तुम्ही तिला.’

तिने ‘हो’वर बोट ठेवलं. पडद्यावरचे प्रश्न निघून गेले आणि शेवटचं वाक्य तेवढं उरलं. ते तिने वाचलं. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. आपला दिवस शुभ जावो.’

‘अहो, पण मी अजून काही बोललेच नाही—’

फोन तुटला. मशीनने पुढचा नंबर लावला.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा सासू मागच्या खोलीत, मशीनला पाठ करून बसली होती. नवरा नुकताच आला होता, बूट काढत होता.

‘आला होता गं फोन,’ सासू म्हणाली. ‘बाई बोलायला बरी वाटली. मी तुझं नाव काढलं मात्र, आणि तिने आभार मानून ठेवूनच दिला. माझं काही चुकलं का गं बोलण्यात? तू यातली आहेस, म्हणून विचारते.’

सून उभीच होती. खांद्यावरची पिशवी तशीच. ‘आई, ती मी होते.’

नवऱ्याचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

‘तू?’ सासूने डोळे बारीक केले. ‘तू होतीस? आणि मला ओळखलंस?’

‘पहिल्या हॅलोलाच.’

‘आणि ठेवलास?’

सुनेने सांगितलं. चाळणी सांगितली, मॅडम ऐकत होत्या ते सांगितलं, आणि मग आठवडाभर जे विचारत होती ते दोन प्रश्नही सांगून टाकले.  सासू ऐकत गेली तशी तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

‘म्हणजे मी तुझं कौतुक केलं म्हणून माझं तोंड बंद!’

‘आई, नियम असतात गं,’ नवरा मधे पडला. ‘तिची नोकरी आहे.’

‘तू गप रे. तुला तुझी बस चालली की झालं.’ मग ती सुनेकडे वळली. ‘माझं मत राहू दे. ते तुला पाठ आहे. तुझं काय मत आहे ते सांग.’

सून सवयीने म्हणायला गेली, ‘तुम्हाला काय—’

‘मला नाही! तुला! एवढी वर्षं जगाला विचारत फिरतेस, तुला कुणी विचारलं नाही, म्हणून मी विचारते. बोल!’

आणि ती बोलली. बोलली कसली, फुटली. ‘माझं मत? माझं मत असं आहे की हा प्रश्न नाही, ही लबाडी आहे! स्वच्छ ऊर्जा हवी का म्हणून विचारायचं आणि त्या ‘हो’च्या पाठीमागे उघडा खड्डा दडवायचा! सभेत लोक तोंडावर बोलतील म्हणून सभा बंद केली, आणि माझ्या तोंडाने घराघरातून होकार काढून घेतला! लोकांनी पण, परंतु, सगळं सांगितलं मला, आई. एकेकाने किती नीट सांगितलं! आणि ते सगळं मी टाकून दिलं, कारण माझ्याकडे ते ठेवायला जागा नव्हती! गॅस वाईट नाही. धोरण वाईट नाही. पण ज्याच्या नाकाखाली करायचं त्याला विचारायची तुमची छाती होत नाही, तर मग कौल घेतला म्हणून मिरवू नका!’ तिचा आवाज चिरला, तरी ती थांबली नाही. शेजारीपाजारी दारात आले. ही बाई ओरडू शकते, हे गल्लीला आजच कळत होतं. नवरा एका पायात बूट घालून आ वासून बसला होता.

सासूने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ‘आता पाणी पी,’ ती म्हणाली. ‘आणि उद्या हे असंच त्यांच्यापुढे बोल.’

‘नोकरी जाईल, आई.’

‘जाईल,’ सासू म्हणाली. ‘माझंही काम हातातून चाललंच आहे की.’

नवऱ्याने दुसरा बूट काढला. ‘मी सुट्टी टाकतो,’ तो म्हणाला. ‘त्या गाड्यांमागे रोज मीच तर अडकतो.’

दुसऱ्या दिवशी गल्लीतली बरीच माणसं पालिकेच्या कचेरीत गेली. साहेब शांत होते. टेबलावर काच, काचेवर नवा कोरा अहवाल. ‘हे पहा,’ ते म्हणाले, ‘जनतेचा कौल आलेला आहे. प्रचंड बहुमत बाजूने आहे. आता चारदोन घरांसाठी—’

‘तो कौल मी आणलाय,’ सून म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. तिने प्रश्न जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि लोक खरोखर काय काय बोलले तेही सांगितलं, आठव्या मजल्यावरच्या माणसासकट. साहेबांनी मधे तोडलं नाही. ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आपण या पाहणीत काम केलेलं आहे. मग आपली हरकत धरता येणार नाही. हितसंबंध येतो.’

‘आणि माझी?’ सासूने विचारलं.

‘आपण यांच्या घरातल्या. तेच लागू.’

‘मी बस चालवतो,’ नवरा म्हणाला, ‘तुमच्याच गॅसवर.’

‘तर मग आपण लाभार्थी झालात.’

‘मग आम्ही?’ मागून गल्लीतले ओरडले. ‘आम्ही तर कुणाचे कुणी नाही!’

‘आपल्याला फोन आला होता का?’

‘नाही.’

‘मग आपण पाहणीच्या नमुन्यात नाही,’ साहेब म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

 सून साहेबांकडे बघत होती. कालचं ओरडणं इथे पुरणार नाही, चिडायचं सुद्धा आता नव्याने शिकावं लागेल असं तिला वाटलं. साहेब जागेवरून उठू लागले, म्हणजे भेट संपली.

सासूने भिंतीकडची खुर्ची फरफटत आणली, साहेबांच्या टेबलासमोर बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसली. ‘बसा साहेब,’ ती म्हणाली. ‘कुणाचं मत धरता येतं, तो माणूस शोधून आणा. आणा त्याला इथे. तोवर आम्ही थांबतो.’ सून तिच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या शेजारी नवरा, आणि मग मागची सगळी माणसं एकेक करून बसत गेली, दारापर्यंत, दाराच्या बाहेर, जिन्यापर्यंत. त्या दिवशी कचेरी वेळेवर बंद झाली नाही.